घटस्फोट झाला, गाडीचं कर्ज मात्र दोघांच्याच नावावर

"फक्त एक सही लागेल, बाकी काही नाही." वाहनकर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली आणि हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा उच्चारलं आहे. समोर बहुधा नवं लग्न झालेलं जोडपं असायचं, सोबत मुलीचे वडील नाहीतर मुलाची आई. शोरूमचा माणूस दारात घुटमळत असायचा, कारण पाडव्याच्या सकाळी गाडी दारात उभी करायची असायची. करारनामा पंचवीस-तीस पानांचा, बारीक टाइपातला, इंग्रजीत. पेन्सिलनं फुली मारली असेल तिथं सही करायची. कुणी वाचायला मागितलाच, तर आम्हीच घड्याळाकडे बघायचो.

त्यातलीच काही माणसं पुढे तीन-चार वर्षांनी एकेकटी यायची. निवृत्त झालेले एक शिक्षक मला चांगले आठवतात. एका हातात आमची नोटीस, दुसऱ्या हातात मुलीच्या घटस्फोटाचा हुकूमनामा. "साहेब, यात स्पष्ट लिहिलंय की गाडी आणि गाडीचं कर्ज जावयाकडे. मग नोटीस मला आणि मुलीला का?" हुकूमनाम्यात तसं खरोखरच लिहिलेलं होतं, आणि तरीही नोटीस बरोबर होती. हे त्यांना समजावताना मी तेव्हा फार घाई केली. आज निवांतपणे लिहितो.

सुरुवात करायची ती सही कोणत्या रकान्यात आहे इथून. नवरा, बायको, सासरा ही नाती बँकेच्या खातेवहीत नसतात. तिथं असतात मुख्य कर्जदार, सहकर्जदार आणि जामीनदार. सहकर्जदार म्हणजे कर्जात निम्मा वाटेकरी असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याचं कलम ४३ सांगतं की दोघांनी मिळून वचन दिलं असेल, तर ज्याला वचन दिलं तो कुणाही एकाकडून पूर्ण वचन पाळून घेऊ शकतो. म्हणजे नऊ लाखांचं कर्ज असेल तर सहकर्जदार बायको साडेचार लाखांची देणेकरी नसून पूर्ण नऊ लाखांची आहे, आणि नवराही. एकानं जास्त भरलं तर दुसऱ्याकडून हिस्सा मागायचा, पण ते भांडण त्या दोघांचं.

जामीनदाराचं कलम १२८. त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच आणि कर्जदाराबरोबरच असते, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. गावाकडे अजून समज आहे की आधी कर्जदाराचं घरदार विकायचं, मगच जामीनदाराच्या दारात यायचं. सर्वोच्च न्यायालयानं हा समज १९६८ मध्येच बँक ऑफ बिहारच्या खटल्यात मोडून काढला. धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, आधी कर्जदाराच्या मागं लागायला सांगितलं, तर हमी घेण्याचा उपयोगच काय, असा त्या निकालाचा रोख आहे. बँक पहिल्या दिवसापासून तिघांपैकी कुणालाही धरू शकते. आणि ती धरते कुणाला? ज्याचा पत्ता बदललेला नाही, ज्याचं निवृत्तिवेतन वेळेवर येतं आणि ज्याला अब्रूची भीती वाटते, त्याला. हे कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही, पण वसुलीच्या टेबलावर बसलेला प्रत्येक जण जाणतो.

अर्ज भरताना 'रेफरन्स' म्हणून ज्या दोन नातेवाइकांचे नंबर घेतलेले असतात, त्यांच्यावर एका पैशाचीही जबाबदारी नसते. जामीनपत्रावर सही न केलेल्या सासू-सासऱ्यांवर, दिरावर किंवा मेव्हण्यावरही नसते. त्यांना फोन येतात ते निव्वळ दबावासाठी.

आता हुकूमनाम्याकडे येऊ. परस्परसंमतीनं घटस्फोट घेताना हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली अर्ज होतो, त्यासोबत संमती अटी लिहिल्या जातात आणि न्यायालय त्या नोंदवून घेतं. "गाडीचे उर्वरित हप्ते पती भरील" हे वाक्य त्यातलं. ते पाळणं त्याच्यावर बंधनकारक आहे, पण बंधन आहे तिच्याशी. बँक त्या अर्जात पक्षकारच नव्हती. तिला कुणी विचारलं नाही, तिनं होकार दिला नाही, तिच्या करारातली एक ओळही बदलली नाही. आणि इथं आपल्या जुन्या करार कायद्यात एक कलम आहे, जे वकीलमंडळीही क्वचितच काढतात. कलम १३२. दोघांनी मिळून एखाद्याचं देणं पत्करलं आणि आपसात ठरवलं की खरा देणेकरी तू, मी नुसती मागं उभी, तर त्या आपसातल्या ठरावानं धनकोचा हक्क कमी होत नाही. धनकोला तो ठराव माहीत असला तरीही. त्यामुळे हुकूमनाम्याची प्रत बँकेत नेऊन पोच घेतली, तरी तेवढ्यानं कुणी सुटत नाही. ती प्रत द्यावी जरूर, पुढे कामाला येते. पण सुटका झाली असं समजू नये.

मुळात बँक एकाला मोकळं का करत नाही? कर्ज मंजूर करताना दोन पगार धरलेले असतात. एक पगार वजा केला की राहिलेल्या पगारावर तेवढं कर्ज बसत नाही. संसार मोडला म्हणून आपली सुरक्षितता निम्म्यावर आणायला कुठलाही शाखाधिकारी तयार होत नाही. यात त्याचा दुष्टपणा नाही.

हप्ता थांबल्यावर काय काय होतं ते आकड्यांतूनच नीट कळतं. समजा गाडीसाठी ९ लाखांचं कर्ज घेतलं, साडेनऊ टक्क्यांनी, ७ वर्षांसाठी. हप्ता बसतो साधारण १४,७१० रुपये. सव्वीस हप्ते बिनबोभाट गेले. म्हणजे ३ लाख ८२ हजार भरून झाले. बाकी किती राहिली असेल? लोक म्हणतात पाच लाख. प्रत्यक्षात बाकी असते ६ लाख ८२ हजारांच्या आसपास, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. सव्वीसाव्या हप्त्यानंतर संसार मोडला, गाडी त्याच्याकडे गेली आणि त्यानं भरणं सोडलं. पहिल्या दिवसापासून खातं थकीत धरलं जातं. तीस दिवसांपर्यंत एक गट, साठपर्यंत दुसरा, नव्वदपर्यंत तिसरा आणि नव्वद दिवस उलटले की ते अनुत्पादक, म्हणजे एनपीए. पाच हप्ते चुकेपर्यंत व्याज धरून देणं सात लाखांच्या वर गेलेलं असतं. मग गाडी ओढून नेतात, यार्डात उभी करतात, लिलाव होतो. लिलावात पावणेपाच लाख आले आणि ओढण्याचा, ठेवण्याचा वीसेक हजारांचा खर्च धरला, तर खड्डा उरतो अडीच लाखांचा. गाडी गेली म्हणजे कर्ज गेलं असं नाही. हा अडीच लाखांचा खड्डा दोघांच्या नावावर, आणि जामीनदाराच्याही.

याच काळात सिबिलचं, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणाऱ्या पतगुणांचं, नुकसान सुरू झालेलं असतं. सिबिल हे नाव तोंडात बसलंय, तशा देशात अशा चार कंपन्या आहेत. गुण ३०० ते ९०० च्या दरम्यान. सहकर्जदार आणि जामीनदार दोघांच्याही अहवालात हे कर्ज दिसतं, आणि प्रत्येक उशीरही. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्याऐवजी निदान पंधरवड्यानं द्यावी लागते, त्यामुळे त्याच्या चुकीची झळ तिच्या घरकर्जाच्या अर्जाला पूर्वीपेक्षा लवकर लागते. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. वेगळं राहायला लागल्यावर पहिलं काम कुठलं, असं कुणी विचारलं तर मी वकिलाच्या आधी हे सांगेन. आपली सही कुठं कुठं झालीय ते आपल्यालाच आठवत नसतं.

गाडी ओढण्याबद्दल थोडं. दंडुकेवाले पाठवून गाडी हिसकावणं बेकायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये एका खाजगी बँकेला खडसावून सांगितलं. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, घरच्यांची चारचौघांत बेइज्जती करायची नाही, हे रिझर्व्ह बँकेनं बजावलेलं आहे. तक्रारीला तीस दिवसांत समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. उशिराबद्दलची आकारणी मूळ व्याजदरात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावण्याची जुनी सवयही एप्रिल २०२४ पासून बंद झाली आहे. खातेउतारा मागून घ्या आणि हे तपासा. आमच्या लोकांच्या चुका सापडतात.

फायनान्स कंपन्यांच्या करारात बहुधा लवादाचं, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचाकडून वाद सोडवण्याचं, कलम असतं आणि परगावच्या लवादाची नोटीस पोस्टानं येते. लोक ती कपाटात टाकतात. टाकू नका. कर्ज देणाऱ्यानं एकतर्फी आपल्याच मर्जीचा लवाद नेमलेला असेल, तर त्यावर आक्षेप घेण्याचा भक्कम आधार २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं दिलेला आहे, पण हजरच राहिला नाहीत तर तो आक्षेप घेणार कोण?

चेकचं प्रकरण वेगळं आणि जास्त झोंबणारं. कर्ज थकवणं हा दिवाणी मामला, पण चेक न वटणं हा पराक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. केरळमधल्या एका प्रकरणात नवऱ्यानं हप्त्यानं मोटार घेतली होती आणि बायको जामीनदार होती. तिनं दिलेला चेक वटला नाही. उच्च न्यायालय म्हणालं, जामीनदारावर हा खटला चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये ते फिरवलं: देणं आपलं असो की दुसऱ्याचं, चेक दिलात तर कलम लागू. याच्या उलट बाजूचा दिलासा २०१३ च्या निकालात आहे. जोडखात्याच्या चेकवर एकाचीच सही असेल, तर सही न करणाऱ्या जोडीदारावर हा खटला चालत नाही. तेव्हा कर्जाच्या वेळी बँकेला दिलेले कोरे चेक कुणाच्या सहीचे होते, ते आठवा.

"वडिलांचं कर्ज मुलानं फेडायचं" हा आपल्याकडचा धर्म. हिंदू कायद्यातही तो होता. पण हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि त्यानंतर काढलेल्या कर्जासाठी केवळ या धार्मिक कर्तव्याच्या आधारावर मुला-नातवाला धरता येत नाही. जामीनदार वारला, तर त्याच्या वारसांवर देणं येतं ते मिळालेल्या इस्टेटीपुरतं. आजोबांनी जामीन दिला होता आणि मागं दहा गुंठे ठेवले, तर त्या दहा गुंठ्यांच्या किमतीपलीकडे नातवाच्या पगाराला हात लागत नाही.

पगार आणि निवृत्तिवेतन हा बहुतेकांचा खरा धसका. बँकेनं दावा लावून हुकूमनामा मिळवला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० आड येतं. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. ४६,००० पगार असेल तर जप्ती १५,००० पर्यंत, तीही एका हुकूमनाम्यासाठी एकूण चोवीस महिने. सरकारी निवृत्तिवेतन आणि भविष्यनिर्वाह निधी जप्तीबाहेर. निवृत्तीच्या पैशांची मुदत ठेव केली तरी संरक्षण जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये म्हटलं आहे. तरी माझा सल्ला असा, की ज्या बँकेत आपण जामीनदार आहोत तिथंच आपल्या इतर ठेवी ठेवू नयेत. बँक आधी ठेव अडवते आणि कायदा नंतर ऐकते.

महाराष्ट्रात बँक आणि फायनान्स कंपनीखेरीज कर्ज देणाऱ्यांचा एक तिसरा प्रकार सर्रास आढळतो: पगारदार नोकरांची पतसंस्था. तिथं गाडीसाठी कर्ज घेताना दोन सहकारी जामीन राहतात, आणि सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे पगारातून कपात करण्याचं संमतिपत्र दिलेलं असतं. थकल्यावर संस्था दिवाणी कोर्टात जात नाही, सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून कलम १०१ चा वसुली दाखला आणते. बँकेच्या दाव्याला वर्षं लागतात तिथं याला महिने लागतात. नवरा-बायको एकाच जिल्हा परिषदेत शिक्षक, एकमेकांना जामीन, आणि आता एकमेकांचं तोंड बघत नाहीत, तरी तिच्या पगारपत्रकात त्याच्या गाडीची कपात: असं मी पाहिलं आहे.

गोव्यात चित्र निराळं. बाकी देशात लग्न झालं म्हणून मालमत्ता एकत्र होत नाही, ज्याच्या नावावर त्याची. गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, मालमत्ता दोघांची सामाईक. त्यामुळे पणजीला नोंदवलेल्या लग्नात एकाच्याच नावावरची गाडीदेखील घटस्फोटाच्या वाटणीत येते, आणि देण्यांचाही हिशेब तिथं मांडावा लागतो. पुण्याच्या वकिलाचा सल्ला मडगावच्या माणसानं जसाच्या तसा घेऊ नये.

आता ज्याच्याकडे गाडी नाही पण सही आहे, त्याच्या हातात काय उरतं ते पाहू. वाटतं तेवढा तो निःशस्त्र नसतो.

पहिलं शस्त्र भरल्यानंतर मिळतं. जामीनदारानं देणं फेडलं की करार कायद्याच्या कलम १४० नं तो बँकेच्या जागी उभा राहतो, आणि कलम १४५ नं मूळ कर्जदाराकडून पै न् पै मागू शकतो. मुदत तीन वर्षं, पैसे भरल्या तारखेपासून. त्यासाठी पैसे स्वतःच्या खात्यातून भरायचे आणि "जामीनदार या नात्यानं भरले" असं लिहिलेली पावती घ्यायची. मुलीच्या खात्यात टाकून मुलीनं भरले, तर पुढे तो दावा वडिलांचा की मुलीचा, इथूनच वाद सुरू होतो. त्या शिक्षकांनी एक लाख रोख भरले होते आणि पावतीवर नाव जावयाचं होतं, कारण पावती कर्जखात्याच्या नावानं छापली जाते. ती चूक आमच्या काउंटरची, पण भोगली त्यांनी.

दुसरं शस्त्र बँकेच्या निष्काळजीपणात दडलेलं असतं. तारणाची वस्तू बँकेच्या चुकीनं हातची गेली, तर त्या वस्तूच्या किमतीपुरता जामीनदार सुटतो. हे कलम १४१. १९८० साली स्टेट बँक ऑफ सौराष्ट्रच्या प्रकरणात बँकेला गहाण ठेवलेला माल सांभाळता आला नाही, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं जामीनदाराला त्या प्रमाणात मोकळं केलं. गाडीच्या बाबतीत बघायचं ते आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र. कर्ज देताना आरसीवर बँकेचा बोजा चढवायचा असतो. तो कधी कधी चढवलाच जात नाही आणि मग जावई गाडी विकून मोकळा होतो, कारण बोजा असेल तर बँकेच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ मालकी बदलत नाही. बोजा नव्हता आणि गाडी विकली गेली, तर जामीनदारानं हा मुद्दा पहिल्याच उत्तरात मांडावा.

तिसरं जरा नाजूक. बँकेनं मूळ कर्जदाराशी तडजोड करून त्याला करारानं मुक्त केलं, तर कलम १३४ प्रमाणे जामीनदारही सुटतो. पण सहकर्जदार सुटत नाही, कारण कलम ४४ म्हणतं की एकाला सोडलं तरी दुसरा बांधलेलाच. बाप सुटला आणि मुलगी अडकली, असं एकाच फाइलमध्ये होऊ शकतं. अर्थात बँकांचे छापील करारनामे जामीनदाराचे यातले बरेच हक्क आधीच लिहून घेतात, म्हणून आपली प्रत मिळवून वकिलाला दाखवल्याशिवाय या आधारावर निर्धास्त होऊ नये. आणि बँकेनं वर्षभर जावयावर दावा लावला नाही, म्हणून आपण सुटलो असंही होत नाही. नुसतं गप्प बसणं म्हणजे सोडणं नव्हे, असं कलम १३७ सांगतं.

"मी माझा जामीन मागे घेत आहे" अशी पत्रं आमच्याकडे ढिगानं येत. गाडीचं कर्ज एकदाच दिलं जातं आणि दिल्यावर हमी पक्की होते. अशा पत्राचा उपयोग शून्य.

खरं काम होतं ते हुकूमनाम्याच्या आधी, कारण तेव्हाच दोन्ही बाजूंना एकमेकांकडून काहीतरी हवं असतं. सगळ्यात स्वच्छ मार्ग गाडी विकून कर्ज मिटवणं. बँकेकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र घ्यायचं, खरेदीदाराचे पैसे थेट कर्जखात्यात, तूट असेल ती ठरलेल्या प्रमाणात. स्वतः विकलेल्या गाडीला लिलावापेक्षा चांगला भाव येतो, हे सांगायला नको. त्याला गाडी ठेवायचीच असेल, तर त्यानं एकट्याच्या नावावर नवीन कर्ज काढून जुनं बंद करावं. नुसता हप्ता भरण्याचा शब्द घेऊ नये. बँक तयार असेल तर जामीनदार बदलूनही मिळतो, पण तो बँकेच्या लेखी पत्रानंच. कर्ज बंद झाल्याचं पत्र घटस्फोटाच्या अर्जाच्या अंतिम तारखेआधी न्यायालयात दाखल व्हावं, अशी अट घालायला काहीही हरकत नाही.

यातलं काहीच जमलं नाही, तर निदान संमती अटीतलं वाक्य दात असलेलं हवं. "कर्ज पती भरील" याला दात नाहीत. मी असं सुचवीन: "अमुक क्रमांकाच्या कर्जखात्याची आजची बाकी इतकी आहे. ती पती अमुक तारखेपर्यंत पूर्ण फेडील. दरमहा हप्ता भरल्याचा उतारा सात तारखेपर्यंत पत्नीस पाठवील. दोन हप्ते चुकल्यास पती गाडी तिच्या ताब्यात देईल व विक्रीच्या कागदांवर सही करील. पत्नीस किंवा तिच्या वडिलांस काही भरावं लागल्यास ती रक्कम व्याजासह पती देईल." उलट बाजूही तेवढीच खरी. गाडी आणि कर्ज तिच्याकडे असेल, तर जामीन राहिलेल्या सासऱ्यांनी हेच मागावं. एकरकमी पोटगी ठरत असेल, तर कर्जाइतकी रक्कम त्यातून बाजूला ठेवून कर्ज बंद झाल्यावरच हलवावी. पोटगीच्या दाव्यात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं, २०२० पासून सर्वोच्च न्यायालयानं ते सगळीकडे सक्तीचं केलं आहे. त्यात हे कर्ज दोघांनीही दाखवलं का, ते पाहावं. हुकूमनामा होऊन गेला असेल आणि तो भरत नसेल, तर त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज कौटुंबिक न्यायालयातच करता येतो. बँकेशी भांडण्यात घालवलेले महिने इथं जास्त उपयोगी पडतात.

मधल्या काळात तिनं हप्ता भरावा का? मला हे नेहमी विचारतात. ऐपत असेल तर नव्वद दिवस उलटू देऊ नयेत, एवढं मी सांगतो. अडीच लाखांच्या खड्ड्यापुढे दोन हप्ते स्वस्त पडतात. भरताना त्याला लेखी कळवावं आणि त्याच आठवड्यात अर्ज लावावा. वर्षानुवर्षं त्याच्या गाडीचे हप्ते भरत बसणं मात्र मूर्खपणा.

आरसी तिच्या नावावर आणि गाडी त्याच्याकडे, ही जोडी सगळ्यात धोक्याची. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अपघाताची भरपाई द्यायला नोंदणीतला मालकच बांधील, गाडी प्रत्यक्षात दुसऱ्याला दिलेली असली तरी. विमा चालू नसेल तर त्यानं ठोकलेल्या गाडीची नुकसानभरपाई तिच्या दारात येईल. ई-चलान तर येतंच असतं.

कर्ज फिटलं की बँकेनं तीस दिवसांत बोजा उतरवण्याचे कागद द्यायचे असतात, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओतून बोजा काढायचा. नंतर महिन्याभरानं दोघांचेही आणि जामीनदाराचाही सिबिल अहवाल काढून खात्यासमोर 'क्लोज्ड' लिहिलंय की 'सेटल्ड', ते बघायचं. तडजोडीनं कमी पैशात मिटवलेल्या खात्यासमोर 'सेटल्ड' पडतं आणि पुढचा कर्जदाता त्याकडे थकबाकीसारखंच बघतो. शिक्षकांच्या मुलीनं पुढे घरासाठी अर्ज केला तेव्हा तो याच एका शब्दावर अडला. उरलेले अठरा हजार भरून, नवं पत्र घेऊन, तो शब्द बदलायला तिला चार महिने लागले.